चावी फिरवली तरी सेल्फ गप्प : जुन्या पिकअपचा क्लच स्विच

कापडाच्या धंद्यात माल तयार असून भागत नाही, तो ठरल्या वेळी दुकानावर उतरला पाहिजे. मालेगाव असो की भिवंडी, आपल्यातील पुष्कळ छोट्या व्यापाऱ्यांनी आणि लूमवाल्यांनी आता स्वतःची जुनी पिकअप घेतलेली आहे. ट्रान्सपोर्टची वाट पाहणे परवडत नाही म्हणून घेतलेली ही गाडी एखाद्या दिवशी ताके भरून, ताडपत्री ओढून, दोरी बांधून झाल्यावर ऐनवेळी दगा देते. चावी फिरवली की डॅशबोर्डचे दिवे लागतात, पण सेल्फ फिरत नाही. ड्रायव्हर म्हणतो, "सेठ, सेल्फ गेला." बॅटरीवाला म्हणतो, बॅटरी बसली. सेल्फ खोलला जातो, कार्बन बदलले जातात, कधी पुरता नवा सेल्फ बसवला जातो, आणि खराबी मात्र क्लच पेडलच्या वर दडलेल्या अंगठ्याएवढ्या एका स्विचमध्ये असते. नवा सेल्फ काही हजारांना पडतो, हा स्विच बहुतेक गाड्यांना काही शे रुपयांत मिळतो.

या पानावर सुताचे भाव आणि कराचे नियम वाचण्याची आपल्याला सवय आहे. गाडीची दुरुस्ती हा विषय थोडा वेगळा वाटेल. पण भाड्याचे, डिझेलचे आणि मेस्त्रीचे पैसे त्याच गल्ल्यातून जातात, म्हणून ही माहिती व्यापारी भावांना आणि त्यांच्या ड्रायव्हरांनाही उपयोगी पडावी असे वाटते.

स्विचचे काम काय?

लूमवाल्यांना हे समजावणे सोपे आहे. कांडी संपली किंवा आडवा धागा तुटला की वेफ्ट फोर्क लूम बंद करतो. तो काटा कापड विणत नाही, फक्त चुकीच्या वेळी लूम चालू राहू देत नाही. क्लच स्विचही तसाच पहारेकरी आहे. सेल्फ फिरवण्याची ताकद त्याच्यात नाही, पण क्लच दाबलेला नसेल तर तो सेल्फकडे जाणारा हुकूम अडवून धरतो. गाडी चुकून गिअरमध्ये असली आणि कोणी चावी मारली तर सेल्फच्या जोरावर गाडी पुढे उडी मारते. ते होऊ नये म्हणून ही योजना आहे.

चावीपासून निघालेली वायर या स्विचमधून जाते, पुढे रिलेला किंवा थेट सेल्फच्या सोलेनॉइडला लागते. पेडल पूर्ण दाबले की आतले पॉइंट जुळतात आणि करंट पुढे जातो. पाय काढला की पॉइंट सुटतात. ज्या गाडीत मध्ये रिले आहे तिथे स्विचमधून अगदी थोडा करंट जातो आणि स्विच वर्षानुवर्षे टिकतो. जिथे रिले नाही तिथे सोलेनॉइडचा जबर करंट याच पॉइंटमधून जातो, प्रत्येक वेळी बारीक ठिणगी पडते, आणि पॉइंट जळून काळे होतात.

याशिवाय दुसरा एक क्लच स्विच असतो, तो पेडलच्या वरच्या टोकाला, पाय काढल्यावर पेडल जिथे येऊन थांबते तिथे. तो इंजिनच्या कॉम्प्युटरला एवढेच सांगतो की ड्रायव्हरने क्लचवर पाय ठेवला. मग कॉम्प्युटर गिअर बदलताना डिझेल बरोबर आवरतो. हा बिघडला तर बहुतेक गाड्या चालू होतात, पण गिअर बदलताना इंजिन उगाच चढते, गाडी धक्का देते, कधी इंजिनचा पिवळा दिवा लागतो. कसारा घाटात भरल्या गाडीने वरचेवर गिअर बदलताना हा त्रास चांगलाच जाणवतो, आणि मेस्त्री पंप किंवा नोझलवर संशय घेतो. काही गाड्यांत हे दोन्ही स्विच एकाच डबीत बसवलेले असतात.

आपल्या गाडीत हा स्विच आहे की नाही, हे आधी पाहावे. जुन्या साध्या पंपाच्या डिझेल गाड्यांत बहुधा तो नसतोच. तिथे सेल्फ गप्प राहिला तर दुसरीकडे शोधावे लागते. कॉमन रेल इंजिनाच्या गाड्यांत, विशेषतः १ एप्रिल २०१७ पासून देशभर लागू झालेल्या बीएस-४ आणि १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ नियमांच्या गाड्यांत, एखादा तरी क्लच स्विच असण्याची शक्यता मोठी. मॉडेलप्रमाणे फरक पडतो, म्हणून अंदाज करू नये. ड्रायव्हरच्या पायापाशी वाकून टॉर्च मारावा. क्लच पेडलच्या दांड्याला टेकलेली किंवा त्याच्या समोर असलेली, दोन किंवा जास्त वायरी लागलेली प्लास्टिकची डबी दिसली तर तोच स्विच.

आधी कान लावा

मेस्त्री येण्यापूर्वी दोन मिनिटांत बरेच काही कळते. हॉर्न वाजवून पाहावा, हेडलाइट लावावे. हॉर्न भसाडा झाला, चावी मारताना दिवे एकदम मंद पडले, तर बॅटरी किंवा तिचे टर्मिनल पाहावे. हॉर्न खणखणीत आहे, दिवे जसेच्या तसे आहेत, आणि चावी मारल्यावर सेल्फच्या बाजूने काहीच आवाज नाही, तर हुकूम सेल्फपर्यंत पोहोचतच नाही असे समजावे. सेल्फमधून जोराचा 'टक्' असा आवाज येत असेल तर करंट सोलेनॉइडपर्यंत गेलेला आहे. तेव्हा क्लच स्विचला दोष देऊ नये. बॅटरी, केबल, अर्थिंग किंवा खुद्द सेल्फ पाहावा. एवढा एक आवाज ओळखला तरी अर्धे निदान होते.

स्विच हळूहळू जातो तेव्हा त्याची एक ठरलेली खूण असते. पहिल्या चावीला गाडी उठत नाही, क्लच दोन-तीनदा दाबून, शेवटी पेडल जोरात लाथेने दाबून धरले की उठते. ड्रायव्हरला ही सवय होऊन जाते, तो मालकाला सांगतही नाही. गाडी दुसऱ्याच्या हातात गेली की मग ती 'बंद' पडते. म्हणून ड्रायव्हर नवा असो की जुना, गाडी सुरू करताना काही वेगळे करावे लागते का, एवढे त्याला अधूनमधून विचारावे.

आता दोन अगदी फुकटच्या गोष्टी. पहिली म्हणजे पायाखालची चटई. जाड रबरी मॅट, तिच्यावर पोत्याचा तुकडा, त्यावर पुठ्ठा, असे थर आपल्या गाड्यांत नेहमी दिसतात. त्यामुळे पेडल खालपर्यंत जात नाही आणि खालचा स्विच जुळत नाही. ते सर्व काढून एकदा चावी मारून पाहावी. दुसरी गोष्ट टिकलीची. कित्येक गाड्यांत पेडलच्या दांड्याला एक भोक असते आणि त्यात रबराची किंवा प्लास्टिकची छोटी टिकली दाबून बसवलेली असते. स्विचची दांडी लोखंडावर नव्हे, या टिकलीवर टेकते. गाडी जुनी झाली, केबिनमध्ये उन्हाळे गेले, की ही टिकली कडक होऊन भुगा होते. मग स्विचची दांडी त्या रिकाम्या भोकातून आरपार जाते, तिला दाबणारे काही उरत नाही. स्विच शाबूत असूनही गाडी सुरू होत नाही, किंवा कॉम्प्युटरला क्लच कायम दाबलेला वाटतो. मॅटवर निळ्या, पांढऱ्या किंवा काळ्या प्लास्टिकचे कण सापडले तर ते झाडून टाकू नका, ती टिकलीच आहे. नवी टिकली स्विचपेक्षाही स्वस्त. ती मिळेपर्यंत त्या भोकात मापाचा बोल्ट, वॉशर आणि नट लावून काम निभावते, पण बोल्टचे डोके सपाट असावे, म्हणजे स्विचची दांडी वाकडी होणार नाही.

ज्यांच्या गाडीत सूत आणि कापड जाते त्यांच्या केबिनमध्येही तूस उडते. ते धुळीबरोबर स्विचच्या दांडीत जाऊन बसते आणि दांडी अडकते. इलेक्ट्रिकच्या दुकानात कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे मिळतो, तो मारून दांडी पंधरा-वीस वेळा आतबाहेर करावी. रॉकेल किंवा ऑइल सोडू नये, त्यावर उलट धूळ चिकटते. स्विच जर ओला, चिकट दिसला तर वर पाहावे. हायड्रॉलिक क्लचच्या मास्टर सिलिंडरमधून ऑइल दांड्यावरून खाली झिरपत असेल, तर आधी त्याचा इलाज करावा, नाही तर नवा स्विचही त्याच वाटेने जाईल.

टेस्ट लॅम्पची परीक्षा

साध्या खालच्या स्विचची तपासणी कोणताही वायरिंगवाला पाच मिनिटांत करू शकतो. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, चाकाला दगड. एकाने सीटवर बसून क्लच पूर्ण दाबावा आणि चावी सेल्फच्या जागी धरावी. दुसऱ्याने टेस्ट लॅम्पची क्लिप बॉडीच्या उघड्या लोखंडाला लावून टोक स्विचच्या एका वायरला, मग दुसऱ्या वायरला टेकवावे. एका वायरीवर दिवा लागतो आणि दुसरीवर लागत नाही, तर करंट स्विचपर्यंत येतो पण पुढे जात नाही, म्हणजे स्विच किंवा त्याची टिकली खराब. दोन्हीवर लागत नाही, तर खराबी स्विचच्या मागे आहे, फ्यूज आणि इग्निशन पाहावे. दोन्हीवर लागतो आणि सेल्फ तरीही गप्प, तर स्विच निर्दोष, पुढचा रिले, वायर आणि सोलेनॉइड तपासावे.

यात एक खबरदारी आहे. काही गाड्यांत हा स्विच रिलेच्या अर्थिंगच्या बाजूला असतो, तिथे वरचा हिशेब उलटा पडतो. शिवाय कॉम्प्युटरला जाणाऱ्या वायरींवर बल्बचा टेस्ट लॅम्प लावू नये. त्यातून जाणारा करंट कॉम्प्युटरला सोसत नाही. अशा गाडीत कपलर काढून फक्त स्विच मल्टिमीटरवर तपासावा. दांडी दाबली की बीप वाजते, सोडली की थांबते, किंवा याच्या बरोबर उलट. दोन्ही वेळा सारखेच उत्तर आले तर स्विच गेला. दांडी हळूहळू दाबूनही पाहावी. बीप तुटक येत असेल तर तोच 'कधी चालतो, कधी नाही' वाला स्विच आहे.

दोन वायरी जोडून देणे

आता जी गोष्ट गल्लोगल्ली चालते तिच्याविषयी. मेस्त्री स्विचच्या दोन वायरी सोलतो, पिळतो, टेप गुंडाळतो आणि म्हणतो, "घ्या सेठ, आता कधीच त्रास नाही." तो खोटे बोलत नाही, त्रास खरेच होत नाही. पण त्या दिवसापासून गाडी क्लच न दाबता सुरू होते. आपल्याकडे हँडब्रेक ढिले असतात म्हणून ड्रायव्हर उतारावर गाडी पहिल्या गिअरमध्ये उभी करतात. गोदामाच्या अरुंद गल्लीत गाडीच्या पुढ्यात हमाल बसलेले असतात, कोणी गाठ उचलत असतो, कोणाचे मूल खेळत असते. एखादा शागीर्द टेप ऐकायला किंवा मोबाइल चार्ज करायला चावी लावतो आणि ती जरा जास्त फिरते. सेल्फ गाडीला ढकलतो, आणि गरम इंजिन तेवढ्यात उठले तर गाडी आपल्या जोराने पुढे जाते. हमालाचा पाय गाडी आणि भिंत यांच्यात सापडायला तेवढे पुरे आहे. जो आपला माल वाहतो त्याच्या जिवाची जबाबदारी मालकावर आहे. ती काही शे रुपयांच्या स्विचसाठी टाळण्यासारखी नाही.

अडचणीत मार्ग नाही असे नव्हे. रस्त्यात गाडी अडकली, माल भरलेला आहे, स्विचच गेला आहे याची खात्री झाली, तर खालच्या साध्या दोन वायरींच्या स्विचला तात्पुरता तुकडा जोडून गाडी घरी आणायला हरकत नाही. मात्र गिअर हाताने हलवून न्यूट्रलची खात्री करावी, हँडब्रेक ओढावा, चालवणारा सीटवर असावा आणि पुढे कोणी नसावे. स्टिअरिंगला चिठ्ठी बांधावी, म्हणजे दुसरा कोणी गाडीत चढला तर त्याला कळेल. कॉम्प्युटरच्या वायरींना हा उपाय करू नये. अमेरिकेत टोयोटाच्या चारही चाके ओढणाऱ्या जुन्या पिकअपमध्ये डॅशबोर्डवर क्लच न दाबता गाडी उठवण्याचे बटण कंपनीनेच दिले होते. खडकाळ चढावर अडकलेल्या माणसाने गिअरमध्येच सेल्फ मारून इंच-इंच पुढे सरकावे म्हणून. पण तिथे बटण दाबणाऱ्याला आपण काय करतो ते माहीत असते. टेप गुंडाळलेली वायर कोणाला काही सांगत नाही.

हाच मुद्दा जुनी गाडी विकताना येतो. स्विच जोडून टाकलेला असेल तर तो गाडीचा ऐब आहे आणि घेणाऱ्याला तो सांगितला पाहिजे. ऐब लपवून माल विकणे आपल्या दीनात जायज नाही, मग ते कापड असो की गाडी. घेणाऱ्यानेही स्वतः पाहावे. ज्या मॉडेलला हा स्विच असायला हवा, ती गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून क्लच न दाबता चावी मारावी. उठली, तर कुठेतरी टेप गुंडाळलेली आहे, किंवा स्विच आतून चिकटलेला आहे.

खरेदी आणि बसवणे

जुना स्विच काढून हातात घेऊनच दुकानात जावे. कपलरच्या पिना, चुडीची जाडी आणि दांडीची लांबी जुळली पाहिजे, एवढे सर्वजण पाहतात. फसगत होते ती वेगळ्याच ठिकाणी. ब्रेक लाइटचा स्विच कित्येकदा हुबेहूब असाच दिसतो, चुडीही तीच, पण आतले काम उलटे असू शकते. एकात दांडी दाबल्यावर पॉइंट जुळतात, दुसऱ्यात दाबल्यावर सुटतात. काउंटरवरच मल्टिमीटर लावून घ्यावा. भंगार बाजारातला जुना स्विच मात्र घेऊ नये असे माझे मत आहे. दरवाजा, काच, हौद्याची फळी जुनी चालते. आतले पॉइंट किती जळलेत ते डोळ्यांना दिसत नाही.

मालेगावात जुम्याला लूम बंद असतात, तेव्हा हे काम निवांत करता येते. बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल सोडवावे. कपलर त्याची खिटी दाबून काढावा, वायरीला धरून ओढू नये. स्विच काढण्यापूर्वी लॉक नटच्या बाहेर किती चुड्या दिसतात ते मोजून लिहून ठेवावे, मोबाइलवर फोटो काढला तर अधिक चांगले. मग लॉक नट सैल करून स्विच बाहेर घ्यावा. काही गाड्यांत चुडी नसते, स्विच थोडा वळवून निघतो. तिथे जोर लावला तर प्लास्टिकचा कान तुटतो. नवा स्विच तितक्याच चुड्यांवर बसवावा, मग सेटिंग तपासावे.

सेटिंगमध्ये घाई केली तर स्विचपेक्षा मोठा खर्च ओढवतो. वरचा स्विच फार आत घातला तर तो पेडलला सतत थोडासा दाबून धरतो. पेडलचा मोकळा खेळ जातो, क्लच पूर्ण बसत नाही, प्लेट घसरते, बेअरिंग फिरत राहते, आणि काही महिन्यांत प्लेट जळाल्याचा वास येतो. तेव्हा कोणाला स्विचची आठवणही राहत नाही. म्हणून पेडल हाताने हलवून पाहावे, पूर्वीइतका मोकळा खेळ उरलाच पाहिजे. खालचा स्विच पेडल तळाला लागण्याच्या थोडे आधी जुळावा, म्हणजे क्लच पूर्ण सुटलेला असतो. पेडलचा सगळा भार स्विचच्या दांडीवर येता कामा नये. काही स्विच आपोआप सेट होणारे असतात. त्यात पेडल दाबून धरायचे, दांडी पूर्ण बाहेर ओढायची, स्विच बसवायचा आणि पेडल हळूच वर सोडायचे. हे सेटिंग बहुधा एकदाच होते, म्हणून पाकिटावरील चित्र पाहून करावे.

टर्मिनल जोडल्यावर गाडी सपाट, मोकळ्या जागी न्यूट्रलमध्ये ठेवून आधी क्लच न दाबता चावी मारावी. सेल्फ फिरता कामा नये. मग क्लच पूर्ण दाबून मारावी, दहा वेळा मारली तर दहाही वेळा पहिल्या झटक्यात उचलली पाहिजे. वरचा स्विच बदलला असेल तर थोडे लांब चालवून गिअर बदलताना धक्का गेला का ते पाहावे. पिवळा दिवा लागलेला राहिला तर स्कॅनर असलेल्या गॅरेजमध्ये तो मिटवून घ्यावा. मेस्त्रीकडून काढलेला जुना स्विच मागून घ्यावा आणि बिलावर स्विचचा नंबर लिहून घ्यावा. महिन्याभराने लॉक नट हाताने हलवून पाहावा, आणि एक जादा टिकली घेऊन डॅशबोर्डच्या खणात ठेवावी.